थंडीसाठी ट्रक तयार केला, शमालपर्यंत नेला

नोव्हेंबर लागला आणि एका सकाळी सुधीर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "यंदा तुला बर्फ दाखवायचा. मार्चमध्ये आपण नाशिकला जाणार ते कायमचे. मग राहून जाईल."

सुधीर म्हणजे माझे यजमान. बोलताना मी 'अहो'च म्हणते, पण इथे नाव लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला सोपं. बर्फ म्हणजे तबूकचा. सौदीच्या उत्तरेला डोंगर आहेत आणि काही हिवाळ्यांत तिथे खरंच बर्फ पडतो. दोह्याहून निघायचं, अबू समराची सरहद्द ओलांडायची आणि वाळवंटातून दोन-तीन दिवस वर वर जात राहायचं. आमच्या ओळखीतली एक-दोन कुटुंबं जाऊन आली आहेत. त्यांचे फोटो सुधीरनी मोबाइलमध्ये जपून ठेवले आहेत.

मी बर्फ पाहिला तो कापसाचा. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळ जवळ आला की सिस्टर आम्हा मुलींना गोल बसवून कापूस पिंजायला लावायच्या. तो येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या छपरावर आणि मेंढरांच्या पाठीवर पसरायचा. "हलक्या हातानं, गर्ल्स, बर्फ दाबायचा नसतो." लग्न ठरलं तेव्हा मी हे सुधीरना सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "खरा दाखवीन." मग गॅसच्या प्रकल्पावरची नोकरी आणि कतार. ज्या देशात हिवाळ्यात स्वेटर घालायला मिळाला तर फोटो काढतात, तिथे आमचं आयुष्य गेलं.

आता जे सांगायला हवं ते आधीच सांगते. ऑक्टोबरात इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की सुधीरचा हा नुसता विसराळूपणा नाही, हा आजार आहे आणि तो वाढत जाणार. गाडीबद्दल मी विचारलं. म्हणाले, सध्या ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी कुणी बसलेलं असेल तर चालेल, पण फार दिवस नाही. सुधीर समोरच बसले होते. परतताना गाडीत म्हणाले, "फार दिवस नाही म्हणजे तबूक पुरतं होतं ना?"

आमचं ठरलं ते असं: ट्रक थंडीसाठी पूर्ण तयार करायचा, मग आधी जवळची एक फेरी करायची. उत्तरेला मदिनत अश शमालपर्यंत जायचं, एक रात्र किनाऱ्यावर राहायचं आणि परत यायचं. सगळं नीट झालं तर जानेवारीत तबूक. नाही झालं तर सुधीर किल्ली ठेवून देणार. हे त्यांनीच सुचवलं. इंजिनिअर माणूस, चाचणीशिवाय कशालाच हिरवा झेंडा दाखवायचा नाही.

आमचा ट्रक म्हणजे खरं तर पाठीमागे उघडा हौदा असलेला पांढरा पिकअप, पण घरात त्याला ट्रकच म्हणतात. आमची मुलगी सई लहान असताना तिने ठेवलेलं नाव ते. सई आता कॅनडात असते. तिला व्हिडिओवर तयारी सांगायला लागलो तर ती मराठी ऐकून इंग्रजीत उत्तरं देत होती, नेहमीसारखी.

"काच धुवायच्या टाकीत काय आहे, बाबा?" एवढंच तिने मराठीत विचारलं.

"पाणी. दुसरं काय असणार?"

"प्लेन वॉटर? सीरियसली? बाबा, इट विल फ्रीझ! अँड द रेडिएटर?"

सुधीर माझ्याकडे बघायला लागले आणि आम्हा दोघांना हसू फुटलं. आखातात राहिलेल्या माणसाचीच ही चूक. उन्हाळ्यात रेडिएटरची पातळी खाली गेली की बाटलीतलं पाणी ओतायचं, काच धुवायच्या टाकीत नळाचं पाणी भरायचं. पाणी गोठतं हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, पण इतक्या वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. तबूकला रात्री पारा शून्याखाली जातो. ते पाणी गोठून फुगलं असतं तर इंजिनच तडकलं असतं.

सई हसली नाही. फोन ठेवायच्या आधी तिने मला बाजूला व्हायला सांगितलं. "आई, डोंट लेट हिम ड्राइव्ह."

"चाचणी आहे गं," मी म्हटलं. "त्यांनीच ठेवलीय."

शुक्रवार सोडून दुसऱ्या दिवशी आम्ही सनायाला गेलो. सनाया म्हणजे दोह्याचा इंडस्ट्रियल एरिया. गॅरेजं, टायरची दुकानं, सगळीकडे ग्रीसचा वास. बशीरचं गॅरेज आम्हाला जुनं. बशीर कोळिकोडचा, पोट सुटलेला आणि बडबड्या. प्रत्येक गोष्ट बदलायलाच हवी असं त्याचं मत असतं आणि सुधीर त्यातल्या निम्म्या गोष्टी नाकारतात. हा त्यांचा खेळ कित्येक वर्षं चाललाय.

"सर, तबूक? इस उमर में हनीमून?"

"तू तेरा काम कर. टायर की डेट देख."

तुम्ही इथे नवे असाल तर हे लिहून घ्या. इथल्या गाडीचं नुकसान थंडी करत नाही, उन्हाळा करतो, आणि थंडीत ते कळतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, तो टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला ते सांगतात. नक्षी नवी दिसली तरी ऊन खाऊन रबर आतून कडक झालेलं असतं. वायपरचं रबर तर उन्हाळ्यात भाजून निघतं. काचेवरून फिरवलं की करकर आवाज येतो आणि पाणी तसंच राहतं. पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडतात, धुक्यात त्यांचा उपयोग मेणबत्तीएवढा. बॅटरीही उन्हाळ्यातच थकते, फक्त गार सकाळी पहिल्यांदा हात टेकते.

आम्ही दोन टायर बदलले, वायपर नवे घातले, दिवे घासून घेतले आणि रेडिएटर धुऊन त्यात बर्फाळ प्रदेशातलं, न गोठणारं कूलंट भरलं. सगळ्यात गंमत हीटरची. बशीरने विचारलं, "मॅडम, ये कभी चलाया?" आम्ही कधीच चालवला नव्हता. त्याने बटण फिरवलं आणि बारा उन्हाळ्यांची वाळू आमच्या तोंडावर आली. जळक्या धुळीचा वास सुटला. सुधीर खोकत खोकत हसत होते. केसांवर वाळू, डोळ्यांत पाणी. मला ते तरुण दिसले.

सगळ्या कामात त्यांचा एकही शब्द चुकला नाही. कुठल्या नटला किती जोर द्यायचा, कूलंट कुठल्या रेषेपर्यंत, हे ते न थांबता सांगत होते. मी मनात म्हटलं, डॉक्टरांचा अंदाज थोडा लवकरचा असेल. असं मनात येणं किती सोपं असतं.

पुढच्या शनिवारी सकाळी निघालो. आमचं घर अल दुहैलला, म्हणजे शमालचा रस्ता जवळजवळ दारातूनच जातो. रस्ता उत्तम, रुंद, सरळ. तासा-सव्वातासात मदिनत अश शमाल. आकाश निळंशार होतं आणि हवा अशी की खिडकी उघडी ठेवून हात बाहेर काढावा. सुधीर नेमक्या वेगात चालवत होते, गाडीत गुणगुणत होते. मी चाचणीचा विषयच काढला नाही. फक्त प्रत्येक फाट्यापाशी माझा श्वास जरा थांबायचा आणि ते बरोबर वळले की सुटायचा.

शमालमध्ये एका टपरीवजा दुकानासमोर हॉर्न वाजवला की पोरगा कागदी कपात कडक चहा आणून देतो. वेलदोडा घातलेला, डब्यातल्या दुधाचा. सोबत अंडं गुंडाळलेला पराठा घ्या, स्वस्त आणि गरम. तिथून रुवैसचं बंदर पाच-दहा मिनिटांवर. जुन्या लाकडी होड्या, जाळी विणत बसलेली माणसं. एकाने सुधीरना विचारलं, "इंडिया?" ते म्हणाले, "नाशिक." त्याने ऐकलं नसणार, पण मान डोलावली, "गुड, गुड." झुबाराचा किल्ला बघायचा तर सकाळीच बघा, दुपारी भिंतींवरचं ऊन डोळ्यांत जातं. मला तो चौकोनी किल्ला नेहमी लहान मुलाने वाळूत पालथ्या बादलीने केलेल्या किल्ल्यासारखा वाटतो. तसं म्हटलं की सुधीर म्हणतात, "हेरिटेज आहे ते, जरा आदर ठेव." त्या दिवशीही म्हणाले.

रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावर, फुवैरितच्या बाजूला. तंबू ठोकायला आता परवाने लागतात, त्यामुळे आधी चौकशी करा. आम्हाला मंदारने बोलावलं होतं. मंदार पुण्याचा, सुधीरच्या हाताखाली शिकलेला. त्याच्या ऑफिसातल्या एका कतारी मित्राचा तिथे कॅम्प होता.

डांबरी रस्ता संपला तिथे सुधीरनी ट्रक थांबवला आणि चारी टायरमधली हवा काढली. नव्या लोकांसाठी: वाळूत जायचं तर टायर पसरट व्हायला हवा, म्हणजे गाडी रुतत नाही. मीटरवर पस्तीस असेल तर पंधरावर आणायची. परत डांबरावर यायच्या आधी पुन्हा पस्तीस भरायची. हे विसरायचं नाही. मऊ टायरने महामार्गावर वेग घेतला तर टायर तापतो, गाडी डोलते आणि शेवटी फुटतो.

कॅम्पवर खिचडी, पापड आणि मंदारने भाजलेला मासा. मंदार म्हणाला, "काका, तबूकला मला न्या. तुम्ही चालवा, मी गाणी लावतो."

"तुझी गाणी ऐकण्यापेक्षा मी बर्फात गाडला जाईन."

"काकू, बघा, अजून बॉसच आहेत हे."

मी हसले. लवकर झोपलो आम्ही.

सकाळी उठले तर समुद्र नव्हता. वीस पावलांवर होता, पण दिसत नव्हता. धुकं असं की तंबूचा दोर हातात धरून चालावं. हिवाळ्यात कतारमध्ये हे होतं आणि होतं तेव्हा सगळा देश एक-दोन तास आंधळा होतो. सुधीर माझ्या आधी उठले होते. ट्रकच्या बॅटरीला पंप लावून हवा भरत होते. पंपाचा घरघर आवाज मला अंथरुणातच ऐकू आला होता. मी जाऊन पाहिलं. एक टायर झाला, मीटर लावून बघितलं, दुसरा झाला. चौथ्यापर्यंत मी तिथेच उभी होते. पस्तीस. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. पंप गुंडाळून त्यांनी हौद्यात ठेवला.

मग मी चहा घ्यायला तंबूत गेले. मंदारशी थोडं बोलले, धुक्याचे दोन फोटो काढले. परत आले तेव्हा सुधीर हात पुसत होते. "चल, निघू या. ऊन वर यायच्या आत पोचू." मी म्हटलं, "धुकं निवळू दे ना." ते म्हणाले, "तबूकच्या रस्त्यावर धुकं लागलं तर काय करणार? आत्ताच बघून घेऊ." चाचणी त्यांच्या डोक्यात होती. माझ्याही होती. मी बसले.

वाळूतून छान निघालो, मग डांबर लागलं. दिवे खालच्या बाजूला, नवे वायपर काच स्वच्छ पुसत होते. आजूबाजूला लोक चारी इंडिकेटर लावून पळत होते. ही इथली सवय फार वाईट, कारण मग कोण थांबलंय आणि कोण वळतंय काही कळत नाही. सुधीर त्यांच्यावर चिडत होते, म्हणजे सगळं ठीक होतं. वेग वाढला तशी गाडी डोलायला लागली. आधी मला वाटलं, वारा. पण धुक्यात वारा कुठून?

"अहो, गाडी डोलतेय."

"रस्ता तसा आहे."

हा रस्ता तसा नव्हता. इस्त्री केल्यासारखा रस्ता आहे तो. मग वास आला, रबराचा, गरम. एक कंटेनर बाजूने गेला आणि त्याच्या झोतात आमचा ट्रक उजवीकडे सरकला, जणू खालून कुणी सतरंजी ओढली. सुधीरनी सावरलं. सावरताना त्यांच्या हाताच्या शिरा दिसल्या मला.

"टायर," मी म्हटलं. "हवा बघा."

"हवा मी भरली! तू बघत होतीस."

"हो, बघत होते."

"मग?"

"पुढच्या फाट्याला बाहेर घ्या. माझ्यासाठी."

त्यांनी घेतलं. फाट्यावर एक छोटी मशीद होती, तिच्यासमोर मोकळी जागा. ट्रक उभा राहिला. सुधीर उतरले आणि पुढच्या टायरला मीटर लावलं. पंधरा. मागच्याला लावलं. पंधरा. फेरी मारून चारही बघितले. मी खाली उतरून बघितलं तर टायर खालून पसरलेले, हात लावला तर चटका.

"कुणीतरी हवा काढली," सुधीर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "कॅम्पवरचं कोणीतरी. मंदारला फोन लाव. ही काय थट्टा झाली? माणूस मेला असता!"

फोन मी हातात घेतला. ते व्हॉल्व्ह बघायला वाकले आणि म्हणाले, "बघ, टोपणंसुद्धा लावली नाहीत." आणि वाकले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातून ती चार काळी टोपणं एकेक करून जमिनीवर पडली.

 धुक्यात मशिदीच्या दारापाशी कुणीतरी चपला काढत होतं, तो आवाज येत होता. सुधीर खाली बसले. एक टोपण उचलून बघत राहिले. बोटांची टोकं काळी होती, व्हॉल्व्ह दाबून हवा सोडताना होतात तशी. पंप ठेवून दिल्यावर त्यांनी खाली वाळू बघितली असेल. वाळू दिसली की हवा काढायची, हे हातांना इतकी वर्षं माहीत आहे. मी चहा पीत होते तेव्हा त्यांनी नीट, एकेक करून, पंधरापर्यंत, अजिबात न चुकता सगळी हवा काढली होती.

"मी भरली होती ना, शैला?"

"भरली होती. चारही. मी पाहिलं."

"मग मीच..." 

पंप पुन्हा काढला. त्यांनी भरलं, मी नळी धरली, टोपणं मी लावली. टायर निवायला वेळ दिला. तोवर धुकं विरळ झालं होतं, पलीकडची खजुराची झाडं दिसायला लागली होती. सुधीरनी किल्ली माझ्यासमोर धरली.

"तू चालव. तबूक राहू दे. मला कधी परत देऊ नकोस ही. मी मागितली तरी."

माझ्याकडे लायसन्स आहे, पण ते छोट्या गाडीवर सईला शाळेत सोडण्यापुरतं. हा ट्रक मी कंपाउंडबाहेर कधी नेला नव्हता. सगळ्यात उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश गाड्यांच्या लेनमधून हळूहळू चालवत आणला. मागून लोक दिवे मारत होते. सुधीर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "चांगली चालवतेस." मला वाटलं, आता रडले तर रस्ता दिसणार नाही. म्हणून रडले नाही.

हा प्रवास इथे संपायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीरनी चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "किल्ली कुठेय? तबूकच्या आधी एकदा शमालला जाऊन येऊ. चाचणी घ्यायला हवी."

मी सगळं सांगितलं. धुकं, टायर, टोपणं, मशीद, त्यांनी स्वतः किल्ली दिली ते. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला, त्या मोकळ्या जागेत झाला होता तसा. "मी केलं हे?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशीही मी सांगितलं. चौथ्या दिवशीही. त्यांना दर सकाळी ते पहिल्यांदाच कळत होतं आणि मी दर सकाळी त्यांना त्या फाट्यावर नेऊन उभी करत होते.

मग मी सांगणं बंद केलं. त्याऐवजी ते झोपलेले असताना खाली जाऊन बॅटरीची एक तार काढून ठेवली. म्हटलं, ट्रक सुरूच होणार नाही. सकाळी किल्ली मागितली, मी दिली. दहा मिनिटांत ते वर आले. हात काळे, चेहरा असा उजळलेला की कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. "बॅटरीची तार निघाली होती. थंडीत होतं असं. लावली मी! चल, बस."

त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून वेळ मारून नेली आणि बशीरला फोन केला. ट्रक त्याने विकत घेतला, फार घासाघीस न करता. न्यायला आला तेव्हा त्याला मी एवढंच सांगितलं होतं की साहेबांना खरं सांगू नकोस.

सुधीर खाली आले. बशीरला ट्रकभोवती फिरवून सगळं समजावलं. कूलंट कुठलं, वायपर कधी घातले, हीटर आधी थोडा वेळ रिकामा चालव, टायरचं प्रेशर गार असताना बघ. एक अक्षर चुकलं नाही. मग आपल्या हाताने त्याला किल्ली दिली.

"विंटर सर्व्हिस पूरा करना. तबूक जाना है. कब देगा?"

बशीर, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाँच-छे दिन, सर. इन्शाल्ला."

त्याला आता बरेच दिवस झाले. घरातलं सामान खोक्यांत जायला लागलं आहे. मैत्रिणी विचारतात, फेरी कशी झाली? रस्ता उत्तम आहे, कडक चहा चांगला मिळतो, किल्ला सकाळी बघा, धुकं असेल तर उजेड होईपर्यंत थांबा, हवा भरल्यावर निघण्याआधी पुन्हा एकदा मीटर लावा आणि ते दुसऱ्याने लावा. हे सगळं खरं आहे आणि तुमच्या कामाचं आहे. माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर पहिल्या दिवशी गाडीत त्यांचं गुणगुणणं आणि माझा सुटणारा श्वास. त्याला मी आनंद समजत होते. ती शेवटची सरळ वाट होती, एवढंच.

सुधीर रोज दुपारी खिडकीपाशी उभे राहून पार्किंगमधल्या रिकाम्या जागेकडे बघतात. "आला का गं ट्रक?"

"नाही अजून," मी म्हणते. आज म्हटलं आणि मीही त्यांच्याशेजारी जाऊन त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढी काय काळजी करतेस? बशीरला घाई करू नकोस. थंडीची तयारी आहे, नीटच व्हायला हवी."